व्हाळापलीकडे

वैजयंती गेली हे मला कळलं तेव्हा मी पंपाचा फूटव्हॉल्व्ह साफ करत बसलो होतो. बाबल गुरव धावत अंगणात आला. बाबलला दमा आहे, तो कधी धावत नाही. मी विचारलं, "काय झाला रे?"

तो म्हणाला, "उदय, हातातला ठेय खाली."

मी व्हॉल्व्ह खाली ठेवला. मग त्याने सांगितलं.

ती देवळाच्या वाटेवर पडली होती. हत्ती निघून गेला होता. ती आशा सेविका होती, तिची औषधांची पिशवी वाटेच्या कडेला तशीच होती, आतल्या गोळ्यासुद्धा सांडल्या नव्हत्या. मी गेलो तेव्हा कुणीतरी तिच्यावर साडी टाकली होती. मी तिच्या पायांकडे बघितलं आणि ओळखलं. एवढंच त्या दिवसाचं मला नीट सांगता येतं.

पण त्याच्या थोडं आधीचं सगळं आठवतं. दुपार उतरली होती. कान वाजला. आमच्याकडे हत्तीची सूचना देणाऱ्या यंत्राला सगळे कान म्हणतात. वाडीतल्या खांबावर कर्णा आहे, आणि तेच सगळ्यांच्या फोनवरही येतं. "हत्ती... व्हाळापलीकडे... असा. अलीकडची वाट... मोकळी." व्हाळ म्हणजे आमचा ओढा. तो आवाज वैजयंतीचाच होता. योजना आली तेव्हा गावातल्या जागांची नावं तिच्याकडून बोलून घेतली होती. एकेक शब्द वेगळा भरलेला, म्हणून मधे जरा थांबल्यासारखं वाटतं.

ती पिशवी घेऊन निघाली. गवळणीच्या सुनेला दिवस भरत आले होते, तिला बघायचं होतं. मी म्हटलं, "वायच थांब. जाऊंदे तो लांब."

"ऐकलंस मां? पलीकडे असा."

"तरी थांब."

"माझ्याच आवाजार इस्वास नाय तुझो?" असं म्हणून ती हसली आणि चप्पल घालून गेली.

*

कान कसा चालतो ते मला इतरांपेक्षा लवकर समजलं होतं, कारण मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. जमिनीतली काचेची तार कुठे तुटली ते शोधायला आम्ही एका टोकातून प्रकाश सोडत असू. तुटल्या जागेवरून प्रकाश परत येतो. किती वेळाने आला त्यावरून जागा किती लांब ते कळतं. पुढे लोकांनी शोधून काढलं की तार तुटायचीही गरज नाही. वरून कुणी चाललं तरी जमीन हलते, तार केसाएवढी ताणली जाते, आणि परत येणाऱ्या प्रकाशात तेवढाच फरक पडतो. म्हणजे इंटरनेटसाठी पुरलेली तीच तार सगळ्या गावभर कान लावून बसते. गुरं, माणूस, मोटार, हत्ती, प्रत्येकाचं चालणं वेगळं. यंत्राला ते ओळखायला शिकवलं. दोडामार्गाच्या आमच्या बाजूला कर्नाटकातून हत्ती येतात, त्याला आता खूप वर्षं झाली. तार आली आणि आमच्या आंबेरणमधली माणसं परत संध्याकाळची घराबाहेर पडायला लागली.

पण तारेला हत्ती कुठे आहे ते आकड्यांत कळतं, अक्षांश आणि रेखांश. आकडे सांगून माणसाला काही कळत नाही. त्याला "शाळेच्या मागे", "साकवाजवळ" असं सांगावं लागतं. ही नावं फक्त इंग्रज साहेबाच्या काळात साखळीने मोजून काढलेल्या जुन्या गावनकाशावर होती. योजना राबवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी तो नकाशा स्कॅन केला, जमिनीवर बसवला, आणि यंत्राला सांगितलं की हत्तीचे आकडे या नकाशात जिथे पडतील त्या जागेचं नाव वाच.

दोन हंगाम कान एकदाही चुकला नाही. म्हणून तिचा विश्वास होता. तो खोटा नव्हता.

*

चौकशी समितीचा कागद आला त्यात लिहिलं होतं की मृत महिलेने सूचनेकडे दुर्लक्ष करून ओढ्यापलीकडे प्रवेश केला.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी समितीच्या कचेरीत गेलो. सांगितलं, ती अलीकडेच होती, देवळाजवळ. तिथल्या माणसाने शांतपणे स्क्रीनवर नकाशा दाखवला. देऊळ ओढ्यापलीकडे होतं. ती पडली त्या जागेचे आकडे त्याने टाकले, तो ठिपकाही पलीकडे पडला. "बघा," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने मला पाणी दिलं.

तेजल, आमची मुलगी, कोल्हापूरला बँकेत आहे. घरी आल्यावर तिने कागद वाचला आणि उभी राहिली. "आई दुर्लक्ष करणारी बाई होती? घराघरात जाऊन डोस चुकवू नका म्हणून सांगणारी?"

"नाय गो."

"मग नकाशा चुकलाय. आणि नकाशा आपोआप चुकत नाही, बाबा. कुणीतरी चुकवतो. मला त्याचं नाव हवंय."

"नाव घेऊन काय करतलंस?"

"ते मी बघीन. आधी नाव."

माहितीच्या अधिकारात अर्ज करून तिने नकाशाच्या मूळ फाइली मिळवल्या. पुढच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन आली आणि त्यात एक सॉफ्टवेअर घातलं. ते फुकट असतं, जगभरातले लोक मिळून बनवतात आणि कुणालाही आतलं सगळं बघता येतं. जीआयएस म्हणतात त्याला. ती म्हणाली, "तुम्ही फॉल्ट शोधायचात ना? हा शोधा. मला रजा नाही."

मला वाटतं तिला माझे हात कशाततरी गुंतवायचे होते.

*

पहिल्या दिवशी नकाशा उघडला तर गाव कुठे दिसेच ना. नुसता निळा रंग. बऱ्याच खटपटीनंतर मी तेजलला फोन केला.

"बाबा, झूम आउट करा. अजून. अजून." मग ती हसायला लागली. आई गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. "आपलं गाव आफ्रिकेजवळच्या समुद्रात गेलंय."

"थंय कसा गेला?"

कारण साधं होतं. असा नकाशा म्हणजे रास्टर, बारीक चौकटींनी भरलेलं चित्र. चित्राला आपण कुठे आहोत ते माहीत नसतं. ते सांगणारी एक छोटी फाइल सोबत असावी लागते, ती आली नव्हती. जागा माहीत नसली की सॉफ्टवेअर पहिली चौकट शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर ठेवतं, आणि ती जागा आफ्रिकेच्या बाजूला भर समुद्रात आहे. तेजलने परत अर्ज केला, छोटी फाइल आली, आणि गाव गावात आलं.

तेजलचा संशय दुसऱ्या गोष्टीवर होता. तिने कुठेतरी वाचलं होतं की जुन्या सर्वेक्षणात पृथ्वीचा आकार जरा वेगळा धरत, आताचे उपग्रह वेगळा धरतात. एका पद्धतीतला नकाशा दुसऱ्या पद्धतीत न्यावा लागतो, त्याला रिप्रोजेक्शन म्हणतात. ते विसरलं की नकाशा सरकून बसतो. आमच्या हद्दीच्या दगडांचे आकडे जुन्या सर्वेक्षणातून घेतले होते.

"हेच असणार," ती फोनवर म्हणाली. "कुणीतरी विसरला. गाढव!"

मी तपासलं. लाइनमनची सवय अशी, की फॉल्ट शोधताना आधी कुठे नाही ते शोधायचं. पृथ्वीच्या आकाराची चूक असती तर सगळा नकाशा एकाच बाजूला सारखा सरकला असता. मी उपग्रहाचा फोटो खाली ठेवला आणि नकाशा वर अर्धा पारदर्शक केला. शाळा शाळेवर होती. साकव साकवावर. हद्दीचे दगड बरोबर. कुणी काही विसरलं नव्हतं.

तेजलला सांगितलं तर ती नाराज झाली. "तुम्ही त्यांची बाजू घेताय."

"मी कोणाची बाजू घेवक नाय. शाळा जाग्यार असा तर काय म्हणू?"

आंबेरणचा व्हाळ दाट झाडीतून जातो. वरून फोटोत तो दिसतच नाही, नुसती हिरवी गादी दिसते. म्हणून नकाशातला व्हाळ खऱ्या व्हाळावर बसलाय का ते कुणाला बघता येत नव्हतं. पण मी त्या व्हाळाच्या काठाने तार टाकली आहे. नकाशातल्या व्हाळाला देवळापाशी एक मोठं पोट आलं होतं, तो रस्त्याकडे वाकून परत मागे जात होता. आमचा व्हाळ तिथे सरळ जातो.

मी ते पोट बघत बसलो. भात लावायचं राहून गेलं.

*

नकाशा जमिनीवर बसवायचा म्हणजे टाचण्या मारायच्या. नकाशातली एक जागा घ्यायची, तीच जागा गावात जाऊन उपग्रहाच्या यंत्राने मोजायची, आणि दोन्ही एकमेकांना टाचायच्या. शाळा, साकव, दगड, विहीर, देऊळ. मग उरलेला नकाशा टाचण्यांच्या मधे कसा पसरायचा ते आपण ठरवायचं. त्याच्या पद्धती असतात.

संस्थेने घेतलेली पद्धत रबरासारखी होती. जुना कागद दमटपणाने कुठे आखडतो, कुठे फुगतो, म्हणून रबरी पद्धत घ्यायला हरकत नव्हती. पण तिच्यात एक खोड आहे. नकाशा प्रत्येक टाचणीपर्यंत ओढला जातो, त्यामुळे प्रत्येक टाचणीपाशी चूक शून्य दिसते. टाचणी भलत्याच ठिकाणी मारलेली असली तरी शून्य. रबर मुकाट्याने ताणलं जातं आणि तपासणीचा कागद स्वच्छ येतो.

हे मला मदतीच्या पानांवर वाचून कळलं, एका दिवसात नाही. मग मी पद्धत बदलली. दुसरी पद्धत पत्र्यासारखी असते. पत्रा फिरवता येतो, लहानमोठा करता येतो, पण मधेच एका जागी ओढता येत नाही. टाचणी चुकीची असली तर पत्रा तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि किती कमी पडला ते सॉफ्टवेअर लाल रेघ काढून दाखवतं.

मी बटण दाबलं. सगळ्या टाचण्यांना मुंगीएवढ्या रेघा आल्या. एकीला वीतभर लांब लाल रेघ आली. देऊळ.

फॉल्ट सापडला की मला नेहमी एक समाधान वाटायचं. तेव्हाही वाटलं. मी तेजलला लगेच फोन लावणार होतो. पण प्रत्येक टाचणीबरोबर, ती मोजताना काढलेला फोटो आणि ध्वनी जोडलेला असतो. म्हटलं आधी बघू, म्हणजे तिला पक्कं नाव देता येईल.

फोटोत देवळाची पायरी होती. पायरीवर उपग्रहाचं छोटं यंत्र ठेवलेलं. बाजूला काढलेल्या दोन चपला. डाव्या चपलेचा अंगठा मी तांब्याच्या तारेने शिवून दिला होता.

ध्वनी लावला. आधी पाखरांचा आवाज. मग एक तरुण मुलगी विचारते, "ताई, माउलीचं देऊळ हेच ना?"

आणि वैजयंती म्हणते, "ह्याच तां. माउलीचा देऊळ एकच असा."

*

इथे गावाची एक गोष्ट सांगायला हवी.

आमच्या माउलीचं देऊळ पूर्वी व्हाळापलीकडे रानात होतं. मी तरुण असताना रस्ता झाला तेव्हा गावाने ठरवलं की देऊळ अलीकडे, रस्त्याजवळ बांधायचं. देवीला कौल लावला. पाषाणावर कळ्या लावतात, उजवीकडची पडली की होकार. बाबलच्या वडिलांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आणि उजवीकडची कळी पडली. मग त्यांच्या तोंडून देवी म्हणाली, मी जाईन ती सगळी जाईन, मागे काही ठेवणार नाही. त्या दिवसापासून गावात कुणी जुनं देऊळ, नवं देऊळ असं म्हणत नाही. म्हटलं तर देवी दोन ठिकाणी वाटली असं होतं. पलीकडे राहिलेल्या दगडी जोत्याला आम्ही नुसता चौथरा म्हणतो, तोही कामाशिवाय नाही.

गावनकाशा त्याच्या कितीतरी आधीचा. त्यावर देवळाची खूण चौथऱ्यावर आहे. वैजयंती लग्न होऊन आली तेव्हा देऊळ अलीकडे येऊन गेलं होतं. त्या मुलीने विचारलं ते तिने सांगितलं. मला विचारलं असतं तरी मी दुसरं काही सांगितलं नसतं. बाबलनेही नसतं.

तर पलीकडच्या देवळाची खूण अलीकडच्या देवळाला टाचली गेली. रबर ओढलं गेलं, व्हाळालाही घेऊन आलं. खऱ्या देवळाजवळची जमीन यंत्राच्या लेखी पलीकडे गेली. हत्ती अलीकडे देवळाच्या वाटेवर उभा होता आणि कान म्हणाला, व्हाळापलीकडे.

मी लॅपटॉप मिटला. तेजलला त्या दिवशी फोन केला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबलला घेऊन चौथऱ्यावर गेलो. त्याला वाटेत सांगितलं.

"म्हणजे माउलीन मारल्यान तिका?" तो म्हणाला.

"असा बोला नको."

"माझ्या बापाशीन नारळ ठेवलो. मगे मी काय बोलू?"

चौथऱ्यावर शेवाळ होतं. मी मधोमध फोन ठेवला आणि आकडे घेतले. बाबल लांब उभा राहून बघत होता.

"ह्या जाग्येक काय नाव लिवतलंस?" त्याने विचारलं.

"देऊळ लिवूचा लागतला. नकाशात देऊळ असा."

"देऊळ नाय. थंय लिव, चौथरो." मग जरा वेळाने, "उदय, रागान नाय सांगत. दोन देवळां झाली तर तिचा बोलणा खोटा पडता. ती एकच म्हणाली हुती."

मी चौथरा लिहिलं.

घरी येऊन जुनी टाचणी काढली आणि नवी मारली. व्हाळाचं पोट गेलं. तो सरळ झाला, जसा आहे तसा. मग जिथे ती पडली ते आकडे टाकले. ठिपका अलीकडे पडला.

*

ध्वनीतल्या मुलीचं नाव फाइलीत होतं. ऋजुता भागवत. मला ती आठवत होती. मोजणीच्या दिवसांत दुपारची आमच्याकडे घावणे खायची आणि वैजयंतीच्या मागे मागे रानात फिरायची. आता ती दुसऱ्या योजनेवर होती, पण फोन तोच होता.

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, प्रश्न मी विचारला होता."

"होय. ऐकलंय मी."

"मी 'देऊळ हेच ना' विचारलं. 'नकाशा काढला तेव्हापासून इथेच आहे का' असं विचारायला हवं होतं. ताई बरोबरच बोलल्या. टाचणी मी मारली. रबरी पद्धत मी निवडली, शून्य दिसलं म्हणून पुढे गेले. ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी समितीचा अहवाल वाचला होता. मी... मला तो खरा वाटला."

"सगळ्यांका वाटलो."

"मी दुरुस्ती पाठवते. आजच. अहवालातलं ते वाक्य काढायला लावते." मग तिने विचारलं, "तेजलला काय सांगणार? तिने माझ्या संस्थेला तीन पत्रं पाठवलीत. नाव मागतेय."

"बघतंय."

"माझं नाव द्या, काका. खरंच द्या."

ती रडत होती. लेकीच्या वयाची पोर. मी म्हटलं, जेवलंस का.

थोड्या दिवसांनी दुरुस्त नकाशा यंत्रात चढला, अलीकडच्या देवळाची खूण नव्याने घालून. एक गोष्ट अडली. चौथरा ही जागा नव्याने आली होती आणि वैजयंतीने तो शब्द कधी भरलाच नव्हता. ऋजुताने फोन केला. "ताईंचे बाकीचे शब्द आहेत आपल्याकडे. त्यांच्यावरून यंत्र 'चौथरो' तयार करेल, हुबेहूब त्यांच्या आवाजात. कुणाला कळणारही नाही."

मी नको म्हटलं.

"का, काका?"

"ती बोलली तां असूंदे. जां बोलूक नाय तां तिच्या तोंडात घालू नका."

"मग दुसरं कुणीतरी भरायला हवं. तेजलचा आवाज खूप मिळतो ताईंशी. तिला विचाराल?"

मी विचारतो म्हटलं.

*

समितीचं दुसरं पत्र तेजलकडेच गेलं. दुर्लक्षाचं वाक्य मागे घेतलं होतं. नकाशाच्या एका संदर्भबिंदूत तफावत आढळली, एवढंच लिहिलं होतं. तिने फोनवर मला ते दोनदा वाचून दाखवलं.

"बाबा, तुम्ही केलंत हे. आईचं नाव धुऊन निघालं."

"होय."

"आता कुणाचा बिंदू होता तो? फाइलीत असणार ना. तुम्ही बघितलात?"

मी म्हटलं, पंप चालू ठेवून आलोय, बंद करून येतो. पंप बंदच होता.

मी तिला ओळखतो. ऋजुताचं नाव दिलं तर ती सोडणार नाही, आणि ती पोर मान खाली घालून सगळं कबूल करेल. ध्वनी ऐकवला तर तेजल ऋजुताला सोडेल. पण मग तिचा राग जाणार कुठे? आईचं नाव धुवायला ती इतके महिने धावली. तो आवाज तिला ऐकवायचा म्हणजे काय, ते मी तो ऐकलाय म्हणून मला माहीत आहे.

आणि नाही ऐकवलं तर ती आयुष्यभर कुणाच्यातरी नावाच्या शोधात राहील. तेही बरं नाही. हे मला कळतं.

हंगाम सुरू झाला आणि हत्ती आले. परवा संध्याकाळी कान वाजला. "हत्ती... देवळाच्या वाटेर... असा. घरातसून... भायर पडू नकात." गवळणीची सून पोराला कडेवर घेऊन देवळाकडे निघाली होती, ती माझ्या अंगणात शिरली आणि पायरीवर बसली. पोर कर्ण्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालं. ती म्हणाली, "आज्जी बोलता हा, ऐक." मग माझ्याकडे बघून ओशाळली. मी म्हटलं, "बरोबर सांगतंस. आज्जीच ती."

काल दुपारी परत वाजला. "हत्ती..." आणि मग काहीच नाही. एका शब्दाएवढी जागा रिकामी. मग, "...असा."

बाबल वाटेवरून जात होता, तो थांबला. मला म्हणाला, "गप रवला म्हणजे चौथऱ्यार हा." आता सगळ्या वाडीला ते कळतं. कुणाचं काही अडत नाही. पण कर्ण्यातून ती गप्प होते तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवतो.

तेजल शिमग्याला येणार आहे. लॅपटॉप कपाटात आहे, वैजयंतीच्या साड्यांखाली. तो शब्द अजून कुणी भरलेला नाही, आणि तेजलला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.